उशीखालचा पुष्कराज

माझ्या बाबांनी अर्ध्या सोसायटीच्या अंगठ्या खोट्या ठरवल्या होत्या.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

नोकरीत ते ड्राफ्ट्समन. बाकीचा सगळा वेळ खड्यांचा. ज्योतिषाचे खडे नव्हेत हं, तसं म्हटलं की चिडायचे. "ग्रहांना काय पडलंय माझ्या डब्यातल्या दगडांचं?" त्यांना रंग आवडायचे, पैलू आवडायचे, आतल्या बारीक रेघा आवडायच्या. बस्स.

रविवारी विरार पूर्वेच्या खदानींतून पिशवी भरून स्फटिक आणायचे.

आई म्हणायची, "लोकं रविवारी मटण आणतात."

बिस्किटांचे पत्र्याचे डबे. त्यात बटर पेपरच्या पुड्या. गोमेद, लसण्या, अकीक, काय काय. प्रत्येक पुडीवर त्यांच्या कोरीव अक्षरात लेबल. खड्याचं नाव, कुठून आला, आणि शेवटी एकच शब्द. अस्सल, नक्कल किंवा शंका.

मी नववीत असताना त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "खडा साधा असला तरी चालेल. लेबल खोटं चालणार नाही."

पाचूबंदरची फिलोमावशी आमच्याकडे मासे घेऊन यायची. एकदा ती कोलंबी देत होती आणि बाबांचं लक्ष तिच्या बोटातल्या लाल खड्याकडे गेलं. झालं. आत जाऊन भिंग घेऊन आले. बघितलं आणि म्हणाले, "मावशी, माणिक नाही हे. काच आहे."

मावशीने पाटी उचलली.

"मी इचारलं होतं का तुला, भाऊ? सासूनं जाताना आपल्या हातानं घातली ती. आता रोज बगनार नी मना काचच दिसनार."

सहा महिने ती आमच्या बिल्डिंगमध्ये फिरकली नाही. आईने तेवढे दिवस बाबांना बाजारातले मासे वाढले आणि प्रत्येक घासाला ऐकवलं.

शेवटी बाबा मला मागे बसवून स्कूटरवरून पाचूबंदरला गेले. धक्क्यावर लिलाव चालू होता. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "मावशी, चुकलं माझं."

"चुकलं कुठं? खरंच बोललास तू. पन ते मना नको होतं."



पुढे बऱ्याच वर्षांनी बाबांचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

आईने कुणाला तरी पत्रिका दाखवली. पुष्कराज घाला म्हणाले. बाबा बोटात घालायचे नाहीत हे तिला पक्कं ठाऊक. मग तिने पिवळा खडा आणला, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधला आणि हळूच त्यांच्या उशीखाली सरकवला.

मला म्हणाली, "बोललीस त्यांना तर बघ."

खडे जमवणाऱ्या माणसाच्या उशीखाली खडा लपवायचा! हे फक्त आमची आईच करू जाणे.

दुसऱ्याच दिवशी ती अंघोळीला गेल्यावर बाबांनी माझ्याकडे भिंग मागितलं. गाठ सोडली. खडा खिडकीकडे धरून बराच वेळ बघितला. मग माझ्या हातात दिला.

"बघ."

बघितला. आत एक गोल बुडबुडा.

"बाबा, ही तर काच..."

"माहितीय. बांध पुन्हा. तिची गाठ उलटी असते, तशीच मार."

त्यानंतर रोज संध्याकाळी आई उशी नीट करायची आणि हळूच खडा चाचपून बघायची. बाबा डोळे मिटून घ्यायचे, तिला दिसू नये की आपल्याला दिसतंय.

मग म्हणायचे, "आज जरा बरं वाटतंय गं, सुलभा."

बरं काहीच नव्हतं.

महिन्याभरात गेले.

त्या दिवशी उशीखाली खडा नव्हता. आईने गादी झटकली, पलंग सरकवला. नाही सापडला. वर्षभर त्यांच्या कपाटाला आम्ही कुणी हात लावला नाही. धीरच होत नव्हता.

आज सकाळी बाबांचं पान वाढून झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली.

"खरं सांग. तुला कळतं ना त्यातलं? तो खडा खोटा होता का गं? मी फसले का? म्हणून गेले का ते?"

वर्षभर हे तिने पोटात ठेवलं होतं. मी त्याच घरात होते आणि मला कळलं नाही. मला माझीच लाज वाटली.

हो म्हणवेना. आणि नाही म्हणायला जीभ उचलेना, शेवटी बाबांची मुलगी मी. काहीतरी करायचं म्हणून उठले आणि त्यांचं कपाट उघडलं. वरचा डबा काढला.

सगळ्यात वरच्या पुडीवर त्यांचं अक्षर. थरथरलेलं, रेघ सोडून खाली गेलेलं.

"पुष्कराज. सुलभाने आणला. अस्सल."

आत तोच खडा. साडीच्या तुकड्यासकट.

आदल्या संध्याकाळी तर आईने तो उशीखाली चाचपला होता. म्हणजे शेवटच्या रात्रीत कधीतरी उठले असणार. त्यांना बाथरूमला न्यायलाही आम्ही दोघी लागायचो. कपाटापर्यंत कसे गेले असतील, विचार केला की रडू येतं.

मी पुडी आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावून तीनदा वाचलं.

"त्यांनी लिहिलंय म्हणजे अस्सलच."

"हो आई."

"मग माझं नाही ना चुकलं काही?"

"नाही गं."

वर्षात पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. मग डोळे पुसून स्वतः दोन घास जेवली.

आई फेसबुकवर नाही. ओळखीच्यांनो, तिला हे दाखवू नका. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको.

बाबा, तुमच्या डब्यांतलं एक लेबल खोटं आहे. ते मी बदलणार नाही.

भरल्या डोळ्यांनी नमस्कार.