भावाच्या अंगणातलं ऊन

साल २००२. मी तवा एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्याच्या चार वर्षं आधी वाटणीत पुढचं अंगण धाकट्या भावाला गेलं. त्या दिवशी मी काठीनं त्याचं डोकं फोडलं आन् त्यानं दगड हाणून माझे दोन दात पाडले. रक्त थुंकत मी साऱ्या गावासमोर म्हणालो, "तुझ्या अंगणात पाय ठेवला तर मी बापाचा न्हाई."

माझं पुढचं दार त्याच अंगणात उघडतं. ते लावून टाकलं. मागच्या दाराबाहेर भिंतीला लागून उंच ऊस, तिथं कायम सावली. मेंढरं विकलेली, शेत पोरगा बघायचा. परसाकडं मी मागच्या दारानं पहाटे अंधारात जाऊन यायचो, बाकी दिवसभर आतल्या खोलीत घोंगडीवर. पुढं पुढं मांड्या ठणकायला लागल्या, उठताना खांब धरावा लागायचा. कुणाला बोललो नाही.

एक दिवस, कळपातला राखलेला एकच एडका दावं तोडून भावाच्या अंगणात शिरला. भावानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याच्या बरगड्यांवर हाणायला घेतलं. एडक्याचं ओरडणं ऐकून मी लाथेनं अडसर पाडून दार उघडलं आन् तिथूनच काठी फिरवली. घाव हवेत गेला, मी पायरीवर कोसळलो. हात मनगटाच्या वर मोडला, हाड कातडीखाली उभं राहिलं. भावानं मला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी मात्र ओरडत होतो, यानं मोडला.

पोरानं जीपनं शिरूरला दवाखान्यात नेलं. प्लास्टर झालं, रक्त घेतलं. चौथ्या दिवशी डॉक्टरनं पुन्हा बोलावलं.

मी म्हणालो, "भावानं मारलं असं लिव्हा. फौजदाराला कागद द्यायचाय."

"आबा, तुम्ही पायरीवर पडलात असं आजींनी सांगितलंय. एवढ्याशा पडण्यानं हाड असं मोडत नाही. तुमची हाडं ठिसूळ झालीत. डी जीवनसत्त्व अगदी कमी आहे. ऊन घेत नाही का?"

"पन्नास वर्सं मेंढरामागं भाजलोय मी. मला ऊन शिकिवता व्हय?"

"ते तेव्हाचं. ते आता पुरत नाही. किती दिवस घरात बसलाय?"



सोबत आलेली बायको म्हणाली, "चार वर्सं. भावाचं तोंड नगं म्हून दार लावून बसल्यात. जनावर तरी बाहेर बांधत्यात."

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण ऊनही घ्या. पुढच्या वेळी पडलात तर खुबा मोडेल. मग उठणं नाही. बोला, कागदावर काय लिहू?"

मी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणालो, "आपला आपुन पडला, लिव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं दार उघडलं. सदरा काढला, भावाच्या अंगणात मधोमध घोंगडी टाकली आन् बसलो. भाऊ दांडा घेऊन बाहेर आला. मी म्हणालो, "मारायचं तर आत्ताच मार. मी ऊन चढंपतुर उठनार न्हाई."