साहेब-साहेबचा खेळ

तेरा-चौदा वर्षांच्या कोरियन मुलींकडून इंग्रजी कसं बोलवून घ्यायचं, हे मला कोणी विचारलं तर मी तासभर सांगू शकेन. विचारत कोणी नाही, ती गोष्ट वेगळी. सतरा वर्षं मी काळेवाडीतल्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवतेय. एकेका वर्गात साठ-पासष्ट पोरं. त्यांना मी आजवर एक खेळ खेळायला दिलेला नाही. फळ्यावर उत्तर लिहायचं, त्यांनी उतरवून घ्यायचं, परीक्षेत तेच ओकायचं. आणि तिकडे मोशीच्या टॉवरमधल्या तीन मुलींसाठी मी घरी पुठ्ठे कापत, रंग लावत बसायचे. माझी मलाच चीड यायची. पण खोटं कशाला बोला, ते खेळ मुलींसाठी नव्हतेच. आमच्या ह्यांना पर्मनंट करून घेण्यासाठी होते.

हे फिटर. लातूरकडून आयटीआय करून आले, आधी इकडेतिकडे कामं केली आणि मग चाकणच्या एका कोरियन कंपनीत लागले, त्याला नऊ वर्षं झाली. कागदावर मात्र नऊ महिनेसुद्धा सलग नाहीत. सात महिने काम, मग ब्रेक, मग ठेकेदाराकडून नवं ओळखपत्र, नवा नंबर. घरात एका डब्यात ती सगळी जुनी ओळखपत्रं आहेत. माणूस तोच, फक्त एकेका फोटोत कपाळ मोठं होत गेलंय. पंचेचाळिशी लागली की पर्मनंटचं नाव काढायचं नाही, हे त्या पट्ट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ह्यांचं चव्वेचाळिसावं सरत आलं होतं.

अशात एक दिवस हे पेढे घेऊन घरी आले. कंपनीच्या मोठ्या कोरियन साहेबांच्या मुलीला इंग्रजी शिकवायला कोणी बाई हवी, असं एचआरवाल्यानं कँटीनमध्ये विचारलं आणि ह्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला, "माझी मिसेस आहे, सर!"

"मग पेढे कसले?" मी विचारलं.

"तुझ्या शिकवणीचे," म्हणाले. आणि मग जरा थांबून, हळूच, "माझ्यापण."

पहिल्या शनिवारी मी शाळेसारखं पाठटाचण काढून गेले. उद्दिष्टं, प्रश्न, सराव, सगळं चार रकान्यांत आखून. दहाव्या मजल्यावरचा तो हॉल म्हणजे आमच्या दोन खोल्या त्यात मावून वर अंगण उरेल. टेबलाशी साहेबांची मुलगी आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, कपाळावरचे केस पार डोळ्यांपर्यंत आलेले. मी प्रश्न विचारला की तिघी एकमेकींकडे बघायच्या, डोळ्यांनीच काहीतरी ठरवायच्या आणि गप्प. दुसरा प्रश्न, तरी गप्प. मला वाटलं, बड्या बापाच्या पोरी, माज आहे नुसता. तासाभरात तिघींच्या तोंडून मिळून सात शब्द आले असतील. खाली गेटपाशी हे गाडीला टेकून उभे होते. "कसं झालं?" विचारलं, तर मी म्हटलं, "तुमचं नशीब काढायला निघालेय, पण दगडाला पाझर फुटेना."

माज नव्हता तो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. चुकायची लाज होती. साहेबांच्या बायकोनं नेहमीसारखी सोललेल्या नासपतीची बशी आणून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, वाकून आत गेली. शेवटची फोड उरली. तर या तीन मुक्या पोरी एकदम मुठी नाचवत ओरडायला लागल्या, "कावी, बावी, बो!" कागद-कात्री-दगड. हरलेली हसत होती, जिंकलेली फोड खात होती, लाजबिज काही नाही. मी त्या चार रकान्यांच्या टाचणाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, सतरा वर्षं तू काय झक मारलीस?

मग मी पेटले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डं केली. त्यातल्या एकीमागे सोनेरी गणपती उरला होता. ते कार्ड प्रत्येकीला हवं असायचं, म्हणून मी सगळ्यात अवघड प्रश्न त्यावरच लिहायचे. 'मामाचं पत्र हरवलं' इंग्रजीत बसवलं. ज्याच्या मागे पत्र पडेल त्यानं ते फोडून वाचायचं आणि उत्तर द्यायचं. तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही हे आहे, फक्त पत्राऐवजी रुमाल टाकतात. त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा पोरींसारख्या पोरी वाटल्या. आणि एक नियम केला: चूक असो की बरोबर, सलग पाच वाक्यं जी बोलेल तिच्यासाठी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मीसुद्धा. चूक टाळ्या संपल्यावर सांगायची. या एका नियमानं जे काम केलं, ते माझ्या सगळ्या टाचणवह्यांनी मिळून केलं नव्हतं.

ह्यांना तर वेडच लागलं. कुदळवाडीच्या भंगारातून एक बेअरिंग शोधून आणलं, घासून चकचकीत केलं, त्यावर प्लायचं चाक बसवलं. सहा रंगांचे सहा भाग, वर पत्र्याचा बाण; बाणाखाली जो रंग थांबेल, त्या रंगाचं कार्ड उचलायचं. बोटानं टिचकी मारली की मिनिटभर आवाज न करता फिरायचं. "बघ, फिटरचं काम आहे. जरा डगमगत नाही," म्हणाले. साहेबांच्या घरी आपल्या हातची वस्तू जाणार, याचा त्यांना कोण आनंद!

शनिवारी दुपारी मोशीला जाताना ठरलेला प्रश्न, "आज काय खेळ?" आणि येताना ठरलेला प्रश्न, "काढलास का विषय?"

विषय कसला निघतोय! साहेब कधी घरी नसायचे. बायको भली, पण आमचं बोलणं म्हणजे हसू आणि मान डोलावणं. दोनदा मी मनाचा हिय्या केला आणि दोन्ही वेळा ती बशी घेऊन पुढे आली. समोरची बाई दोन्ही हातांनी फळं देतेय आणि तुम्ही तिच्याकडे नवऱ्याची नोकरी मागताय, ही कल्पनाच करून बघा. मी फोड उचलायचे आणि थँक्यू म्हणायचे. चार महिने असे गेले. ह्यांचे सात महिने भरायला दोन उरले.

एकदा नाशिक फाट्याला सिग्नलवरच आमचं भांडण झालं. "साठ पोरांना एका आवाजात गप्प करतेस, एका बाईशी दोन शब्द बोलायला काय होतंय?" हे म्हणाले.

"तुम्हीच बोला ना साहेबांशी! रोज तुमच्या लाइनवरून जातात की नाही?"

"माझं कोण ऐकतंय तिथं? मी नंबर आहे. तू टीचर आहेस."

सिग्नल हिरवा झाला, त्यांनी गाडी काढली.

मग मला ती अक्कल सुचली. ताकाला जाऊन भांडं लपवायची अक्कल. साहेबांची मुलगी मनानं फार हळवी होती. पार्किंगमधल्या लंगड्या कुत्रीबद्दल बोलताना तिचे डोळे भरून आले होते. म्हटलं, आईशी बोलता येत नाही ना, मग लेकीच्या कानावर घालू. ती रात्रीच्या जेवणाला बापाला सांगेल, आणि बाप लेकीचं ऐकेल. जगात सगळीकडे बाप लेकीचं ऐकतो, असा माझा समज. म्हणून मी खेळ काढला, साहेब-साहेब. कार्डावर लिहिलं: 'एक कामगार नऊ वर्षं काम करतो आहे. दर सात महिन्यांनी त्याला घरी पाठवतात. तो साहेबांकडे जाऊन म्हणतो, मला कायम करा. साहेब काय म्हणतील?' आणि चाकाच्या सहाही रंगांना हेच एक कार्ड लावून ठेवलं. बाणाखाली कुठलाही रंग येवो. ह्यांनी इतकं इमानदारीनं बनवलेलं चाक, त्यात मी लबाडी केली.

साहेबांच्या मुलीनं टिचकी मारली. चाक फिरलं, हिरव्यावर थांबलं. कावी-बावी-बो झालं, ती जिंकली आणि तिनं साहेब व्हायचं ठरवलं. मला वाटलं, देव पावला. वरच्या मजल्यावरची धाकटी कामगार झाली. ती हात जोडून म्हणाली, "सर, नऊ वर्षं झाली. मला बायको आहे. प्लीज."

साहेबांच्या मुलीनं कपाळावरचे केस मागे सारले. पाठ ताठ केली. दोन्ही हात टेबलावर एकावर एक ठेवले, एखादा मोठा माणूस ठेवतो तसे. आणि बोलायला लागली. इंग्रजीत, न अडखळता. चार महिन्यांत ती असं कधीच बोलली नव्हती.

"तुम्ही चांगले कामगार आहात, हे मला माहीत आहे. पण आज तुम्हाला ठेवलं, तर उद्या शंभर जण दारात येतील. घर सगळ्यांनाच असतं. नियम मी केलेला नाही, पण नियम आहे. दोन महिने विश्रांती घ्या आणि परत या. आम्ही तुमची वाट बघू."

धाकटीनं जोडलेले हात खाली घेतले.  शिक्षकी पेशा जातोय कुठे! मी विचारलं, "हे सगळं कुठून सुचलं तुला?"

"बाबा जेवताना फोनवर बोलत होते," ती आनंदानं सांगायला लागली. "कोरियनमध्ये. इंग्रजी मी केलं. या वर्षी कोणालाच कायम करणार नाहीत. ठरलंय त्यांचं." आणि मग केसांमागून माझ्याकडे बघत, "टीचर, बरोबर?"

पोरीच्या मनात काही नव्हतं. टीचरचा नवरा कोण, कुठे काम करतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एका लेकराला मी दलाल करायला निघाले होते आणि तिनं मला सरळ, स्वच्छ उत्तर दिलं. दोघी बहिणी उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मीही उभी राहिले.

खाली हे गाडीला टेकून होतेच. "काढलास का विषय?"

"काढला."

"आं?" त्यांनी हेल्मेट काढलं. "मग? काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

का बोलले मी असं? आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघालं नाही, एवढंच. त्यांनी मोशीच्या चौकात गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला. वर म्हणाले, "साहेब बघू म्हणाले म्हणजे झालंच समज. आपल्या लोकांसारखं नाही त्यांचं, शब्दाचे पक्के असतात." मी रस प्यायले. शब्दाचे पक्के होते, यात शंकाच नाही.

पुढचे सगळे आठवडे हे शिट्टी वाजवत कामावर जायचे. ब्रेकवर घरी बसलेला एखादा मित्र भेटला तर त्याला म्हणायचे, "भावा, एक गोष्ट चालू आहे, झाली की सांगतो." लाइनवर कोणी रजा घेतली तर त्याचंही काम अंगावर घ्यायचे. मी रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज डबा भरून द्यायचे.

सात महिने भरले त्या दिवशी हे भर दुपारी घरी आले. मी शाळेतून नुकतीच आलेली. पायातले सेफ्टी शूज न काढताच खुर्चीवर बसले. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, ते गेटवर काढून घेतात.

"एचआरवाल्याला म्हटलं, एकदा मोठ्या साहेबांना विचारा, त्यांना माहीत आहे माझं," हे सांगायला लागले. "तर तो विचारून आला. आणि म्हणतो, माणूस तू चांगला आहेस, पण तुला ठेवलं तर उद्या..."

"शंभर जण दारात येतील," मी म्हटलं.

कसं बोलून गेले कोण जाणे. ते वाक्य इतके दिवस माझ्या तोंडात बसलेलं होतं. ह्यांनी मान वर केली.

"तुला कोणी सांगितलं?"

मग मी सगळं सांगितलं. कार्ड, चाकाच्या सहाही रंगांवरची लबाडी, ती पोर, तिचे एकावर एक ठेवलेले हात, उसाचा रस. ऐकताना हे बुटाची नाडी सोडत होते, एका बुटाची सुटली आणि हात तिथेच राहिला. मी म्हटलं, ओरडा तरी माझ्यावर. 

"म्हणजे मी लोकांना सांगत फिरत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

हे दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागले. मग विचारलं, "पोरगी हे सगळं इंग्रजीत बोलली? न अडखळता?"

"हो."

"मग तू काय केलंस?"

"उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या," मी म्हटलं. "सलग पाच वाक्यं बोललं की टाळ्या वाजवायच्या, असा आमच्या वर्गाचा नियम आहे."