तळून खाल्लेला मरळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी घाबरट आहे, पण माझी भीती एकच – डोक्यावरचं छप्पर जाईल ही. शाळा सातवीत सुटली, लिहिण्यात चूक असेल तर सांभाळून घ्या.

मी माण तालुक्यातला. बोअरच्या गाडीवर कामाला म्हणून अर्जुनी मोरगावकडे आलो आणि तापाने पडलो. गाडी पुढे गेली. तलावात मासे धरणाऱ्या सुखदेवकाकांनी मला घरी नेलं, काकूंनी पेज पाजली. तेव्हापासून तिथेच आहे. हे उपकार कसे फेडू, असं सारखं वाटायचं... त्यातूनच हे घडलं.

त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दोघंही तलावावर गेलेले. ओसरीवर घमेल्यात, बोटभर पाण्यात एक मरळ मासा – जिवंत, डोक्याला हळद, शेपटीला लाल दोरा. आमच्याकडे प्यायला पाणी नाही, मासा कुठून माहीत असणार? मला वाटलं, इकडे जिवंतपणीच हळद लावून मुरवत असतील. काकू दमून येतील म्हणून मी तो कापून तळून ठेवला. दोरा चुलीत टाकला. मीठ बघायला एक तुकडा खाल्ला. त्यात नीट समजलं नाही, म्हणून दुसरा.

तेवढ्यात काका दारात. "घमेलं घेऊन चाल बा. काकू नारळ घेऊन उभी हाय. हंगामाचा पहिला मासा पूजा करून तलावाले वापस देतो आमी."

सांगायची हिंमतच झाली नाही. रिकाम्या घमेल्यावर फडकं टाकलं, डोक्यावर घेतलं आणि निघालो.

"काऊन रे, थरथरून काऊन राहिला?"

"थंडी आहे काका."

"ऊन तं पाह्य केवढं पडलं."

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढताना घमेलं जड झालं. मान दबली. फडक्याखाली काहीतरी आपटलं आणि पाणी माझ्या कानात गेलं.

काकूंनी फडकं काढलं. मरळ. डोक्याला हळद, शेपटीला लाल दोरा. काकांनी हात जोडून सोडला, तो कमळाच्या पानांखाली निघून गेला.

घरी कढईत उरलेले तुकडे तसेच होते. "हे कोठून आणलं?" काकूंनी विचारलं. मी सगळं सांगितलं आणि पिशवी भरायला उठलो.

"कोठी जाऊन राहिला?" काका म्हणाले. "बस खाली, जेव."

आता दरवर्षी पहिला मासा घरात आणायच्या आधी काकू मला पोटभर जेवायला घालतात.

एका मरळाचे दोन कसे झाले, ते आजही कळलेलं नाही. काका म्हणतात, "तलावाले पूस." पण मला पोहता येत नाही.