हँडलवरच्या तीन लाल पट्ट्या

लान्स नायक भावेश आरेकर, मुक्काम दांडी, तालुका पालघर. त्याच्यावर अन्याय तो मेला त्या दिवशी झाला नाही. त्यानंतर एकविसाव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी पावणेचारला झाला. चौकशीच्या खोलीत टेबलावर एक कागद होता. मोटारसायकल सुरू व्हायला नऊ मिनिटं उशीर झाला, कारण ती हिवाळ्यासाठी बंद करून ठेवणाऱ्या जवानाचा निष्काळजीपणा, असं त्यावर लिहिलं होतं. बंद करून ठेवणारा जवान म्हणजे भावेश. खाली साक्षीदाराची सही आहे. ती माझी.

मी शिपाई संकेत घरत, सफाळ्याचा. थंडीत पायाची दोन बोटं गेली, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. आता बोइसरला कारखान्यात आहे आणि कामगारांची पत्रकं लिहितो. हे पत्रक मात्र माझं स्वतःचं आहे.

आमची पोस्ट बारा हजार फुटांवर होती. एमटी सेक्शनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विभागात, एक जीप, दोन ट्रक आणि चार मोटारसायकली. नोव्हेंबरच्या मध्यावर मोटारसायकली बंद करायच्या. आधी धुवायच्या, पूर्ण सुकवायच्या. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत पाणी धरत नाही. बॅटरी काढून बराकीत, बुखारीच्या शेगडीपासून हातभर अंतरावर. चेनला ग्रीस. चाकं लाकडी फळ्यांवर. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडायचं, किक हळू दाबून ते आत फिरवायचं, प्लग परत लावायचा. हवेचं तोंड कापडाने बंद. सायलेन्सरमध्ये तेलकट बोळा, नाहीतर उंदीर घर करतात. वर ताडपत्री.

हे काम भावेश करायचा. रजिस्टर मी लिहायचो. माझं अक्षर बरं म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

त्याची एक पद्धत होती. सिलिंडरमध्ये ऑईल सोडलं की हँडलला लाल कापडाची पट्टी बांधायची. हवेचं तोंड बंद केलं की दुसरी. बोळा घातला की तिसरी. गाडी उघडताना एकेक काम उलटं करायचं आणि एकेक पट्टी सोडायची.

"हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?" मी विचारलं.

"आमच्या बापाच्या," तो म्हणाला. "पावसात होडी वर वडली का इंजिन आसंच झोपवतो आमी. जितकी तोंडं बुजवली तितक्या पट्ट्या सुकानूला. सुकानू मोकळं तं होडी मोकळी."

"आणि लक्षात नाही राहत?"

"दोन महिन्यांनी कोनाच्या लक्षात ऱ्हातं रे मास्तर? तू भातवाला. तुजं शेत काय मधीच बंद पडत नाय."

सगळे हसले. मीही.

डिसेंबरच्या शेवटी तो वीस दिवसांच्या रजेवर गेला. तो नसताना इन्स्पेक्शन झालं. सुभेदार साहेबांनी ताडपत्री उचलली, हँडल पाहिलं.

"ये क्या मेला लगा रखा है? उतारो."

मी चाकू काढला. चार गाड्या, बारा पट्ट्या, दोन मिनिटांचं काम. पट्ट्या उतरवायचा हुकूम होता, तो मी पाळला. पण रजिस्टरमध्ये रिमार्क्सचा रकाना होता. तिथे "प्लग, हवा, सायलेन्सर बंद" असं लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी लिहिलं, "ओके".

भावेश जानेवारीत परत आला, संध्याकाळच्या कॉन्व्हॉयने. सोबत सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. अर्धी बराक शिंकत होती, तरी बरणी रात्रीच्या जेवणातच संपली. पट्ट्यांचं मी त्याला सांगितलं नाही. लपवलं नाही. सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला वरच्या चौकीचा रेडिओ आला.

"किलोमीटर तीनच्या वर बर्फाला तडा. तडा लांब आहे. खाली कोण? ओव्हर."

खाली आमचे सहा जण होते. बर्फ कापायचं मशीन घेऊन रस्ता साफ करत होते. जीप त्यांच्यासोबत. ऑपरेटरने त्यांना तीनदा पुकारलं. उत्तर नाही. थंडीत वायरलेस सेटची बॅटरी बसते, आणि मशीनच्या आवाजात ओरडलेलंही ऐकू येत नाही. ट्रक गरम व्हायला अर्धा तास लागला असता.

ओसी, म्हणजे पोस्टचे मुख्य अधिकारी, म्हणाले, "रायडर भेजो."

भावेश आधीच शेडकडे पळत होता. मी बराकीतून बॅटरी उचलली. शेडमध्ये आलो तेव्हा त्याने ताडपत्री फेकली होती आणि तो मागच्या चाकाला बर्फाची साखळी चढवत होता. हँडल मोकळं दिसत होतं.

"मोकळी केलीस?" त्याने विचारलं.

बॅटरी जड होती. दम लागला होता. मी म्हणालो, "हां, हां. लाव."

दहा बावन्नला पहिली किक. काही नाही. दुसरी, तिसरी. पाचव्या किकला इंजिन खोकलं आणि बसलं. त्याने पेट्रोलचा कॉक पाहिला, वायर पाहिली. शेडच्या दारातून कोणी तरी मिनिटं मोजत होतं. "चार." थोड्या वेळाने, "सहा." भावेशने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि प्लग खोलला. प्लग तेलात भिजलेला होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बंदच हाय ही. पट्ट्या?"

"मी कापल्या. इन्स्पेक्शनला."

शिवी येईल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, "बोळा काढ." मी बोळा ओढला. त्याने हवेचं तोंड उघडलं, प्लग पुसून लावला. दुसऱ्या किकला इंजिन धरलं. अकरा वाजून एक मिनिट.

तो सात मिनिटांत तिथे पोचला. पाच जण जीपकडे धावले. सहावा मशीनवर होता, कानावर टोपी, पाठ वळलेली. त्याला काहीच माहीत नव्हतं. भावेश गाडी टाकून त्याच्याकडे पळाला. पुढचं मला त्या सहाव्यानेच सांगितलं. "उसने मुझे कॉलर से खींचा, धक्का दिया. मैं भागा. पीछे देखा तो सब सफेद था."

बर्फ आलं अकरा बाराला. नऊ मिनिटं हातात असती तर तो त्या सगळ्यांना घेऊन वळणापलीकडे असता. भावेश साडेतीनला सापडला. सहाच्या सहा जण आज जिवंत आहेत.

चौकशीत मला तीन प्रश्न विचारले.

"गाडी कोणी बंद केली?"

"लान्स नायक आरेकरने."

"बोळा कोणी घातला?"

"त्यानेच, साहेब."

"त्या सकाळी बोळ्याची काही खूण होती?"

"नव्हती, साहेब."

तिन्ही उत्तरं खरी आहेत. तिन्ही मिळून खोटं आहे. चौथा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मी आपणहून तोंड उघडलं नाही. पट्ट्या काढायला सांगणारे साहेब भिंतीशी बसले होते. मी त्यांना घाबरलो असं सांगितलं तर तुम्ही मला माफ कराल. पण ते अर्धंच खरं. मला रजिस्टरमधल्या माझ्या "ओके"ची भीती होती.

नोकरीतून सुटलो आणि बोटं गेलेल्या पायाने पहिला दांडीला गेलो. भावेशची आई परातीत जवळा निवडत होती. नाव सांगताच तिने मला ओळखलं, पाट दिला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. मग हात थांबला.

"किती होत्या?"

"तीन."

"लाल?"

"लाल."

"मंग माजा पोर इसरला नव्हता."

"नाही, आई. तो विसरला नव्हता."

"मना इतके दिस लोक सांगतात तो इसरला. शालेच्या फाटकावर त्याचं नाव लावायचं तं सभेत येक जण बोलला, कागदावर हलगर्जी लिवलाय, नाव कसा लावायचा." तिने परात बाजूला सरकवली. "तू मना सांगतस. मना नको सांगू. कागदावर लिव."

मी लिहिलं. जिथे पाठवायचं तिथे नवं निवेदन पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. फाईल बंद झाली आहे. साक्षीदार आता सेवेत नाही.

सेवेत असताना मी गप्प बसलो तेव्हा माझी सही चालली. आता बोलतोय तर चालत नाही. हा न्याय मला मान्य नाही. तो तुम्हालाही मान्य नसावा.

त्याच्या घरी पैसे नकोत, हार नकोत, भाषण तर मुळीच नको. त्या आईला एक शब्द खोडून हवा आहे. दांडीच्या पुढच्या ग्रामसभेत मी हे पत्रक उभं राहून वाचणार आहे. एकट्याचा आवाज तिथे पुरणार नाही.

पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. पेन घ्या आणि लिहा: "उशीर भावेश आरेकरमुळे झाला नाही. त्याने पट्ट्या बांधल्या होत्या." खाली तुमचं नाव, तुमचं गाव. रविवारी सकाळी मी बोइसर स्टेशनच्या पूर्वेला उभा असतो, माझ्या हातात द्या. मग उशीर कोणामुळे झाला असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा. ते वर पूर्ण लिहिलं आहे.