न चोळलेला पाय

दापोडीतले आमचे डॉक्टर भर उन्हाळ्यातही कोट घालून फिरत आणि साध्या पडशालाही लॅटिन नाव देत. मी त्यांची मनसोक्त टिंगल करायचो.

बाळंतपणानंतर बायकोचा एक पाय सुजला. आत्या गरम तेल घेऊन चोळायला बसली, तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी तिचा हातच धरला.

"चोळू नका! आत रक्ताची गुठळी आहे. ती सुटली तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाऊन अडकेल. मग माझ्या हातात काही नाही."

"चोळायचं न्हाई, तर काय पायाची पूजा करायची व्हय?"

"करा. पण हात न लावता."

गुठळी वाढू नये म्हणून ते रोज स्वतः येऊन इंजेक्शन देत. सूज उतरल्यावर एक दिवस डॉक्टरांसमोरच बायको चालत परसात गेली, तशी आत्या ओरडली, "हळू गं, भवाने! गुठळी सुटंल!"

डॉक्टर आणि मी एकदमच हसलो.