आईला उचलण्याचं शिक्षण

आईला उचलण्याचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं आहे. ते एकूण अकरा मिनिटं चाललं.

आई ब्याऐंशीची. उरणकडची, मिठागरात राबलेली, म्हणजे हाडं दणकट. पण बाथरूमच्या ओल्या फरशीवर त्यातलं खुब्याचं मोडलं. ऑपरेशन झाल्यावर मी तिला नवीन पनवेलला आमच्या फ्लॅटवर आणलं. बायको नोकरीला जाते, मी नुकताच निवृत्त झालोय, त्यामुळे तिला सांभाळायचं काम न मागता माझ्याकडे आलं. (निवृत्तीनंतर मी बासरी शिकणार होतो. बासरी अजून कपाटावर आहे.)

डॉक्टर म्हणाले होते, वॉकर धरून चालवा. आईने वॉकरकडे एकदाच पाहिलं आणि चालायचं नाही असं ठरवलं. पुन्हा पडेन, ही भीती. व्यायाम करून घेणारा आला की ती झोपेचं सोंग घ्यायची. तीन महिने पलंगावरून व्हीलचेअर आणि व्हीलचेअरवरून पलंग एवढाच तिचा प्रवास, आणि हमाल मी. आता नाही चालल्या तर कायमच्या बसतील, असं डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हापासून मी आईवर ओरडायचो, मग स्वतःवर चिडायचो, मग दोघांसाठी चहा ठेवायचो.

काही लागलं तर सांग, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. एकदा मी खरंच सांगितलं! कोन गावच्या चुलतभावाला म्हटलं, शनिवारी तीन तास आईजवळ बस. त्याला एकदम दोन लग्नं आणि एक वास्तुशांत आठवली. बहिणीने मात्र तत्परतेने मदत केली. वृद्धांची सेवा कशी करावी, याचे सतरा व्हिडिओ पाठवले.

अशात, घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी एका संस्थेने मदतगट सुरू केल्याचं कळलं. मी धावत जाऊन नाव घातलं. पेशंटला घरी ठेवून या, असं त्यांनी बजावलं होतं. कोणाजवळ ठेवून, ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे आईला व्हीलचेअरसकट नेलं. वॉकर मागे अडकवला. (तो मी आशेने सगळीकडे न्यायचो.)

सुरुवातीला गट चालवणाऱ्या नर्सबाईंनी, म्हणजे सिस्टरनी, प्रत्येकाला आपली अडचण थोडक्यात सांगायला लावली. माझी पाळी आली आणि मी जो सुटलो तो थांबेचना. ही चालत नाही, ऐकत नाही, माझी कंबर गेली, माझं आयुष्य गेलं. समोरची माणसं आपलीच गोष्ट ऐकल्यासारख्या माना डोलवत होती. आई शेजारीच बसून सगळं ऐकत होती, हे मला बोलून झाल्यावर दिसलं. तिने पदर नीट केला.

ती शरम झाकायला म्हणूनच बहुधा, पेशंटला उचलायचं प्रात्यक्षिक कोण करणार म्हटल्यावर मी ताडकन पुढे झालो. पेशंट झाले होते गटातले एक निवृत्त मास्तर, चांगले भरदार. सिस्टर सांगत होत्या, कंबरेत वाकू नका, गुडघे वाकवा. मी म्हटलं, मला तीन महिन्यांचा अनुभव आहे. आणि कंबरेत वाकलो.

कट्‌ असा आवाज झाला. मास्तर होते तिथेच बसून राहिले. मी होतो तसाच वाकून राहिलो.

"सगळ्यांनी नीट बघा," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हे असं करायचं नाही."

मला सरळ होता येईना, बसता येईना. दोघांनी धरलं, तिसऱ्याने खुर्ची शोधली. प्लॅस्टिकची खुर्ची मी टेकताना दोनदा घसरली. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "त्याला हिच्यात बसवा."

बघतो तर ती वॉकर धरून उभी! व्हीलचेअर रिकामी.

"आई, तू बस. पडशील."

"मी हाय ना," ती म्हणाली. "तू गप बस."

मला गप बसवण्यात आलं. सिस्टर तिच्या शेजारून, मास्तर माझी व्हीलचेअर ढकलत, आणि आई वॉकर टेकत टेकत, दर चार पावलांवर माझ्याकडे वळून बघत, अशी आमची वरात दारापर्यंत गेली. मला दुखण्याने रडू येत होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आई आता रोज गॅलरीपर्यंत चालते. माझी कंबर महिनाभराने सुटली. मधल्या काळात तिने सिस्टरना स्वतः फोन करून गटात नाव नोंदवलं. घरात एक साठीचं माणूस हाय, काय सांगितलेलं ऐकत नाय, म्हणाली. तिला सगळ्या सभांना यायला सांगितलंय. मला सांगितलंय, घरीच थांबा.