मलावीला निघालेली गिरणी

शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात पिठाच्या गिरण्या तयार होतात. माल बाहेर पाठवण्याचे कागद मी करते. आमच्या गिरण्या जातात मोंबासाला, जिबूतीला, दार-एस-सलामला; म्हणजे जहाज थेट लागतं अशा ठिकाणी. नऊ वर्षांत माझ्या हातून एकच मोठी चूक झाली, आणि ती नेमकी माझ्या मैत्रिणीच्या गिरणीच्या बाबतीत झाली.

ती मलावीची. आमच्या रिसेप्शनवर बसायची. शारजातून कंपनीची व्हॅन सकाळी साडेसहाला निघते. चार वर्षं आम्ही दोघी मधल्या सीटवर शेजारी बसून गेलो. बाकीचे डुलक्या काढायचे, आम्ही बोलत असायचो. बोलणं इंग्रजीत, मधूनच तिने इथे येऊन उचललेल्या हिंदीत. मला ती दीदी म्हणायची.

तिने देशाचं नाव सांगितलं तेव्हा मी फोनवर नकाशा काढला. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखी एक चिंचोळी पट्टी. "समुद्रच नाही की गं तुम्हाला!" मी म्हटलं. मी अलिबागकडची, घराच्या ओटीवरून भरतीचा आवाज ऐकत मोठी झालेली. माझ्या आवाजात कीव आली असणार, कारण ती लगेच म्हणाली, "दीदी, आमचं तळं बघितलं नाहीस तू. लाटा येतात त्याला. आमची माणसं बुडतात त्यात."

पुढच्या सुट्टीवरून येताना तिने माझ्यासाठी त्या तळ्यातली सुकवलेली बारीक मासळी आणली. उसिपा म्हणतात तिला. व्हॅनमध्ये पिशवी उघडताच पुढे बसलेला सुपरवायझर नाक दाबून ओरडला, "यल्ला, बंद करो!" मला मात्र सुकटीच्या वासाने माहेर आठवलं. घरी नेऊन कांदा-कोकम घालून केली. लेक म्हणाली, "आई, इट स्टिंक्स," आणि दोनदा वाढून घेतली.

तिचा देश मला असा तुकड्यातुकड्याने कळत गेला. त्यांच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते. नवरा लग्न करून बायकोच्या गावी राहायला येतो आणि घरातला शेवटचा शब्द मामाचा. तिचे वडील तंबाखू लावायचे. बाहेरचा पैसा देशात येतो तो मुख्यतः तंबाखूवर, थोडा चहावर. पण लिलावात काय भाव पुकारला जाईल ते शेतकऱ्याच्या हातात नसतं. एका वर्षी भाव इतका पडला की ट्रकचं भाडंसुद्धा सुटलं नाही. वडिलांनी त्यानंतर तंबाखू सोडला आणि नुसता मका लावला.

एकदा ती फार अभिमानाने सांगत होती, की राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत निकालाच्या कागदांवर पांढरी शाई लावून खाडाखोड केली होती, म्हणून कोर्टाने अख्खी निवडणूक रद्द केली. लोकांनी पुन्हा रांगा लावून मतं दिली. "आम्ही गरीब आहोत, दीदी, पण कागद वाचतो," ती म्हणाली. भारत सोडल्यापासूनच्या पंधरा वर्षांत मी एकदाही मत दिलं नव्हतं. मी विषय बदलला.

तिचा सगळा जीव एका गोष्टीत होता. तिच्या गावात गिरणी नव्हती. लहानपणी मक्याची बादली डोक्यावर घेऊन ती आईबरोबर दोन तास चालत दुसऱ्या गावी जायची. तिथे डिझेल संपलेलं असलं की तसंच परत. मग आई उखळात कांडायची. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्सिमा. पीठ नाही तर जेवण नाही. म्हणून रिसेप्शनवर चार वर्षं पगार साठवून तिने आमच्याच कारखान्यातून, स्टाफच्या दरात, एक गिरणी घेतली. गावच्या मुखियाने जागा दिली, मामाने होकार दिला. एप्रिलमध्ये मका निघायला लागायच्या आत ती गावी बसवायची होती.

"एजंटला कशाला पैसे देतेस?" मी म्हटलं. "तुझे कागद मी करते."

जहाजाच्या पावतीवर दोन रकाने असतात: माल कुठल्या बंदरात उतरणार आणि शेवटी कुठे पोचणार. गिरणी मोझांबिकच्या बेइरा बंदरात उतरून तिथून ट्रकने मलावीला जायची होती. मी दोन्ही रकान्यांत बेइरा लिहिलं. बोटांना सवय तीच. आमच्या मालाचा प्रवास बंदरावर संपतो. शिपिंगवाल्यांकडून मसुदा तपासायला आला तो रमजानच्या कमी तासांतल्या एका दुपारी. मी घाईत ओके लिहून पाठवला. पावतीच्या मूळ प्रती मी स्वतः तिच्या हातात दिल्या. तिने त्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवल्या, मला मिठी मारली आणि नोकरी सोडून मायदेशी गेली.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. "बेइराचे लोक म्हणतात, माल मोझांबिकचा आहे, मलावीला सोडता येणार नाही. दीदी, काय झालं?"

मी फाइल उघडली आणि दोन रकाने पाहिले. दोन्हीकडे बेइरा. मी तिला लिहिलं, "शिपिंगच्या ऑफिसात काहीतरी घोळ झालाय. तू मूळ कागद कुरियरने परत पाठव, मी बघते."

"देव पावला, तू आहेस तिथे," तिने लिहिलं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी एका जागी नीट बसले नाही. सकाळी व्हॅनमध्ये माझ्याशेजारी नवीन रिसेप्शनिस्ट यायची. तिने गुड मॉर्निंग म्हटलं तरी मला त्रास व्हायचा. कुरियर कुठे पोचलं हे बघायला मी दर दहा मिनिटांनी फोन उघडायचे. लिलाँग्वे, म्हणजे मलावीची राजधानी. अजून लिलाँग्वे. मग आदिस अबाबा. आमटीत मीठ दोनदा पडलं. सुपरमार्केटमध्ये मी पिठाच्या रॅकसमोर इतका वेळ उभी राहिले, की तिथल्या मुलीने काय हवंय म्हणून विचारलं. मॅनेजरला सांगितलं तर ते म्हणाले, "माल गेला, खलास. पुढचं कस्टमर बघेल." तो कस्टमर चार वर्षं त्यांच्याच दारात बसून त्यांचे फोन घेत होता, हे त्यांच्या लक्षात तरी होतं की नाही कोण जाणे.

बंदरावर गिरणी पडून राहिल्याचा दंड वाढत होता. तो मी भरायचा ठरवला. आकडा नवऱ्याला दिरहॅममध्ये सांगितला. त्याने सवयीने तो मोठ्याने रुपयांत करून दाखवला. मग तो म्हणाला, "पैसे भर. पण तिला सांगितलंस का, चूक कोणाची ते?"

"काम झालं की सांगेन."

टेबलापाशी गृहपाठ करणारी लेक वर न बघता म्हणाली, "दॅट्स नॉट टेलिंग, आई. दॅट्स हायडिंग."

मी तिच्यावर उगाच ओरडले.

कागद आले, दुरुस्त झाले. शेवटच्या रकान्यात मलावी आलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये, उन्हात तापलेल्या गाड्यांमधून येरझारा घालत तिला फोन लावला. पाठ केलेलं सगळं विसरले. "ती चूक माझी होती," मी म्हटलं. "शिपिंगवाल्यांची नाही. मीच दोन्हीकडे बेइरा लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलले."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मला माहीत आहे. लिलाँग्वेत एक एजंट गाठला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी शिपिंगवाल्यांचा मेल दाखवला. तुझं ओके होतं त्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते." ती पुढे म्हणाली, "आई रोज विचारते, गिरणी कुठे आहे. मी म्हणते, समुद्राच्या काठी. तिने समुद्र कधी बघितला नाही. तिला वाटतं मी खोटं बोलते. मामा म्हणतो, परदेशात पोरीला फसवलं. अकरा दिवस मी तुझं नाव घेतलं नाही, दीदी. कोणासमोरही नाही."

"मला माफ कर," मी म्हटलं.

"आता ट्रकचं बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ट्रकचं बघितलं. बेइराहून तो तेते मार्गे निघाला, म्वांझाच्या सीमेवर दोन दिवस थांबला. पुढे मलावीत डिझेलचा तुटवडा; पंपाबाहेर गाड्यांच्या रांगा. ड्रायव्हर एका गावाबाहेर ट्रक उभा करून बसून राहिला आणि मी इथून त्याला विचारत राहिले, "भाई, निकला क्या?" तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, "मॅडम, उद्या." गिरणी गावात पोचली तेव्हा मे महिना निम्मा सरला होता. मका काढून झाला होता, पण दळायचा बाकी होता. डिझेल मिळेना म्हणून ती आणखी बारा दिवस झाकून ठेवावी लागली. देशाकडे बाहेरून तेल आणायला डॉलर नाहीत, असं तिने एका ओळीत कळवलं. एरवी तिचे मेसेज पानभर असायचे.

शेवटी गिरणी सुरू झाली. तिने व्हिडिओ पाठवला. पत्र्याच्या शेडबाहेर बादल्या आणि परातींची रांग, बायका बसल्यात, आत तिचा मामा पट्टा तपासतोय, आणि तिची आई तोंडावर पीठ उडालेल्या अवस्थेत हसतेय. आवाज इतका मोठा की कोणाचं बोलणं कळत नव्हतं. मी तो व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना दाखवला. मॅनेजरनी बघितला, कौतुकाने "माशाल्ला" म्हणाले.

आता गिरणी आठवड्यातून तीन दिवस चालते, डिझेल असेल तसं. आम्ही बोलतो. ती अजूनही दीदीच म्हणते. लेकीची परीक्षा, तिच्या गावचा पाऊस, इथलं ऊन, सगळं निघतं. गेल्या महिन्यात तिने आमच्याकडून गिरणीत मका फोडणारे नवे हातोडे आणि पीठ चाळणारी जाळी मागवली. ऑर्डर माझ्या टेबलावर आली तेव्हा मला आनंद झाला. मी फॉर्म उघडला. खाली तिने लिहिलं होतं, कागदपत्रं लिलाँग्वेच्या एजंटकडून तपासून घ्यावीत. मंजुरी फक्त त्याचीच.

मला वाईट वाटलं. तिचं बरोबर आहे हेही त्याच क्षणी कळत होतं. एजंटचा पत्ता मी नीट उतरवून घेतला आणि मसुदा त्याला पाठवून दिला.